आकाशातले पाहुणे आणि टाकीचे घाव

पृथ्वीवरील प्राचीन संस्कृतींना परग्रहांवरून आलेल्या, तंत्रज्ञानात माणसापेक्षा कितीतरी पुढारलेल्या जीवांनी भेट दिली होती, माणसाला शेती, लेखन, खगोलविद्या आणि वास्तुकला त्यांनीच शिकवली, आणि त्यांच्या आगमनाच्या आठवणी पुढे देवदेवतांच्या कथा म्हणून टिकून राहिल्या, असे मांडणाऱ्या विचाराला ‘प्राचीन अंतराळवीरांची उपपत्ती’ असे म्हटले जाते. तिचे समर्थक पुरावे म्हणून तीन प्रकारच्या गोष्टी पुढे करतात: आकाशातून उतरणाऱ्या देवांची वर्णने असलेले जुने ग्रंथ, शिरस्त्राणधारी अंतराळवीरासारख्या भासणाऱ्या जुन्या प्रतिमा, आणि त्या काळच्या माणसाच्या हातून घडणे अशक्य वाटणारी प्रचंड बांधकामे. यांपैकी तिसऱ्या प्रकाराचा वाचकांवर सर्वांत खोल परिणाम होतो, कारण ग्रंथाचा अर्थ आणि चित्राचा आशय यांवर वाद घालता येतो, पण समोर उभ्या असलेल्या दगडाचे अस्तित्व कोणालाच नाकारता येत नाही.

ही कल्पना दिसते तितकी जुनी नाही. अमेरिकन लेखक चार्ल्स फोर्ट याने 1919 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात विज्ञानाने दुर्लक्षिलेल्या चमत्कारिक नोंदी गोळा करून पृथ्वीवर बाहेरून कोणीतरी येऊन गेले असावे असे सुचवले. त्यानंतरच्या दोन दशकांत एच. पी. लव्हक्राफ्ट या कथाकाराने मानवापूर्वी ताऱ्यांवरून आलेल्या प्राचीन जीवांच्या भयकथा लिहिल्या. 1960 साली लुई पोवेल आणि झाक बेर्जिए या लेखकांच्या एका फ्रेंच पुस्तकाने ही कथासृष्टी आणि गूढविद्या यांची सांगड घालून तिला इतिहासाचे रूप दिले, आणि त्याच सुमारास सोव्हिएत गणितज्ञ मतेस्त आग्रेस्त याने लेबननमधील बालबेक येथील अजस्र शिळांचा संबंध परग्रहवासीयांशी जोडला. अशा तयार जमिनीवर एरिक फॉन डॅनिकन या स्विस हॉटेल व्यवस्थापकाचे पहिले पुस्तक 1968 साली जर्मन भाषेत आले. ‘चॅरियट्स ऑफ द गॉड्स’ या इंग्रजी नावाने ते जगभर गेले, त्यावर 1970 साली माहितीपट निघाला, आणि त्यातील विचार मराठी वाचकांपर्यंतही रूपांतरांतून आणि लेखांतून पोहोचला. चंद्रावर माणूस उतरण्याच्या आगेमागेचा तो काळ होता. माणूस दुसऱ्या गोलावर जाऊ शकतो, तर दुसरा कोणी इथे का येऊन गेला नसेल, हा प्रश्न त्या वर्षांत अगदी स्वाभाविक होता.

तो प्रश्न मुळात अवैज्ञानिक नाही, हे इथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. आपल्या आकाशगंगेत किमान शंभर अब्ज तारे आहेत आणि तिचे वय सूर्याच्या वयाच्या दुपटीहून अधिक आहे. एवढ्या काळात एखादी प्रगत संस्कृती ताऱ्यांमधले अंतर ओलांडू शकली असेल, ही शक्यता शास्त्रज्ञांनी गांभीर्याने तपासली आहे. कार्ल सेगन आणि सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ योसिफ श्क्लोव्स्की यांनी 1966 साली लिहिलेल्या ग्रंथात बेरोसस या बॅबिलोनी पुरोहिताने नोंदवलेली एक कथा अभ्यासायोग्य म्हणून उल्लेखिली आहे. ओआनीस नावाचा अर्धा मासा आणि अर्धा माणूस असलेला जीव समुद्रातून बाहेर आला आणि त्याने माणसांना लिपी, शेती व कायदे शिकवले, अशी ती कथा आहे. मात्र निव्वळ कथा हा पुरावा होत नाही, आणि त्या संस्कृतीला स्वतःच्या साधनांनी कळणे शक्यच नव्हते असे ज्ञान कथेत सापडले तरच तिचा विचार करता येईल, ही अटही सेगन यांनी घातली. ही अट फार मोलाची आहे, कारण उपपत्तीची खरी परीक्षा तिच्यामुळेच शक्य होते.

या परीक्षेला सर्वांत जवळ पोहोचलेले उदाहरण म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील माली या देशातील डोगोन लोकांचे. व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याच्याभोवती, खरे तर दोघांच्या सामाईक मध्याभोवती, सुमारे पन्नास वर्षांत एक फेरी पूर्ण करणारा एक जोडतारा आहे, तो श्वेत बटू आहे, म्हणजे आकाराने पृथ्वीएवढा पण वस्तुमानाने जवळपास सूर्याइतका असा विझत चाललेला तारा, आणि नुसत्या डोळ्यांनी तो दिसणे अशक्य आहे. मार्सेल ग्रिओल आणि जर्मेन दिएतर्लाँ या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञांनी 1950 साली असे प्रसिद्ध केले की डोगोनांना हा अदृश्य सोबती, त्याचा पन्नास वर्षांचा कालावधी आणि त्याचे विलक्षण जडपण ही सारी माहिती परंपरेने ठाऊक आहे. रॉबर्ट टेम्पल याने 1976 साली याच आधारावर व्याधाच्या परिसरातून पृथ्वीवर आलेल्या जीवांची कथा उभी केली. सेगन यांची अट इथे वरवर पाहता पूर्ण होते.

अडचण कालक्रमात आहे. फ्रीड्रिख बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने 1844 साली व्याधाच्या डळमळत्या चालीवरून या सोबत्याचे अस्तित्व ओळखले होते, 1862 साली अमेरिकेत अ‍ॅल्व्हन ग्रॅहम क्लार्क याने तो दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहिला, आणि 1920 च्या दशकात त्याच्या अफाट घनतेची चर्चा सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या युरोपीय पुस्तकांपर्यंत पोहोचली. म्हणजे ग्रिओल यांच्या नोंदींपूर्वी हे ज्ञान युरोपात रुळलेले होते, आणि डोगोनांचा प्रदेश त्या काळी फ्रेंच अमलाखाली होता. पुढे वाल्टर व्हान बेक या डच मानववंशशास्त्रज्ञाने डोगोनांमध्ये अनेक वर्षे राहून तपास केला आणि 1991 साली निष्कर्ष मांडला की व्याधाला असा सोबती असल्याची परंपरा त्याला तिथे आढळलीच नाही, आणि आकाशातील कोणत्या ताऱ्याविषयी बोलणे चालले आहे यावर ग्रिओल यांना माहिती देणाऱ्यांमध्येही एकमत नव्हते. शिवाय 1950 च्या नोंदीत या सोबत्याविषयी जे होते ते तेवढेच होते जे त्या काळच्या खगोलशास्त्राला माहीत होते. त्यानंतर शोधली गेलेली एखादी गोष्ट तिथे आधीच सांगून ठेवलेली असती, तर चित्र वेगळे झाले असते.

प्रतिमांचा पुरावा याहूनही दुबळा आहे. मेक्सिकोतील पालेंके येथे 1952 साली आल्बेर्तो रुस लुइल्ये या पुरातत्त्वज्ञाने माया राजा पाकाल याची समाधी उघडली. तिच्या दगडी झाकणावरील कोरीव चित्रात डॅनिकनला अग्निबाणाच्या कप्प्यात वाकून बसलेला चालक दिसला. ते चित्र आडवे न धरता उभे पाहिले आणि माया कलेतील इतर शेकडो चित्रांशी ताडले, की पाताळाच्या जबड्यात उतरणारा राजा, त्याच्यामागून वर जाणारा विश्ववृक्ष आणि शेंड्यावरचा दिव्य पक्षी असे त्याचे घटक एकेक करून ओळखता येतात. माया लिपी आता बऱ्याच अंशी वाचता येते, त्यामुळे 683 साली मरण पावलेल्या या राजाचे नाव, जन्म आणि राज्यारोहण यांच्या तारखा त्याच्याच लेखांत मिळतात.

ग्रंथांच्या बाबतीत भारतीय वाचकाला ‘वैमानिक शास्त्र’ आठवेल. पुराणांतील विमाने ही खरी यंत्रे होती असे सांगताना या ग्रंथाचा आधार दिला जातो. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तोंडी सांगितला आणि तो लिहून घेतला गेला. बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेतील अभियांत्रिकीच्या अभ्यासकांनी 1974 साली त्यातील आराखडे गणिताने तपासले, तेव्हा वर्णन केलेली याने उडूच शकणार नाहीत आणि ग्रंथ 1904 पूर्वीचा असणे संभवत नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

खरा कस लागतो तो बांधकामांपाशी. गिझा येथील खुफू राजाच्या पिरॅमिडविषयी डॅनिकनने मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: मजुरांनी दिवसाला दहा शिळा बसवल्या असे धरले तर काम संपायला 664 वर्षे लागतील, तेव्हा ते माणसांनी केलेले नाही. हा सारा युक्तिवाद दहा या आकड्यावर उभा आहे, आणि त्या आकड्याला कोणताच आधार नाही. पिरॅमिडमध्ये सुमारे 23 लाख शिळा आहेत आणि खुफूची कारकीर्द किमान 26-27 वर्षांची होती. त्या हिशेबाने दिवसाला साधारण 230 शिळा बसवाव्या लागतात, म्हणजे दहा तासांच्या दिवसात दर अडीच-तीन मिनिटांना एक. हजारो माणसे एकाच वेळी अनेक बाजूंनी काम करत असताना ही गती अवघड आहे, अशक्य नाही.

पण हिशेबापेक्षा मोठी साक्ष कामगारांनी स्वतः मागे ठेवली आहे. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ येथे 2013 साली पिएर ताले या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या पथकाला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, लेख सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. आपल्या तुकडीने तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावेत घातले, नाईल नदी आणि कालव्यांतून ते गिझापर्यंत आणले, आज कुठे मुक्काम पडला, या नोंदी त्याने खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत केल्या. गिझाच्या पिरॅमिडशेजारी मजुरांची वस्ती, भटारखाने, गुराढोरांची हाडे आणि कामगारांची थडगी उत्खननात मिळाली आहेत. याहून बोलका पुरावा आहे तो चुकांचा. सक्कारा येथील जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड, मैदूम येथील ढासळलेला पिरॅमिड, दहशूर येथे निम्म्यावर उतार 54 अंशांवरून 43 अंशांवर आणावा लागल्याने वाकलेला दिसणारा पिरॅमिड, त्यानंतरचा तांबडा पिरॅमिड आणि मग गिझा, हा सारा प्रवास जेमतेम शंभर वर्षांचा आहे. ताऱ्यांमधले अंतर कापून आलेल्या कारागिरांना उतार चुकला म्हणून अर्ध्यावर बेत बदलावा लागला नसता. शिकत जाणारी माणसेच असे करतात.

हीच कसोटी वेरूळच्या कैलास लेण्याला लावून पाहणे उद्‌बोधक ठरते, कारण अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत दूरचित्रवाणी मालिकांतून आणि समाजमाध्यमांवरील चित्रफितींतून परग्रहवासीयांच्या कामाचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणून याच लेण्याचे नाव घेतले जाते. सोळाव्या क्रमांकाचे हे लेणे म्हणजे डोंगर वरून खाली कोरत नेऊन सुटे केलेले पूर्ण देऊळ आहे. त्याचे अंगण सुमारे 276 फूट लांब आणि 154 फूट रुंद आहे, आणि मागची कातळभिंत 107 फुटांपर्यंत उंच जाते. त्यासाठी दोन लाख टनांच्या आसपास खडक काढला गेला असे सामान्यतः सांगितले जाते, काही जण तो आकडा चार लाखांपर्यंत नेतात, आणि हे सारे अठरा वर्षांत झाले असे धरून मग विचारले जाते की हे माणसाला कसे शक्य होईल.

अठरा वर्षे ही मुदत कोणत्याही शिलालेखात नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द साधारण 756 ते 773 अशी मानली जाते, तिच्यावरूनच ती मुदत काढलेली दिसते. परंतु त्याचा पुतण्या आणि पूर्वाधिकारी दंतिदुर्ग याचा लेख शेजारच्या पंधराव्या, दशावतार लेण्यात आहे, कैलासाची सुरुवातही त्याच्याच काळात झाली असावी असे काही अभ्यासक मानतात, आणि आवारातील लंकेश्वरासारखे भाग नंतरच्या राजांच्या काळातले समजले जातात. तरीही वादासाठी अठरा वर्षे आणि दोन लाख टन हे दोन्ही आकडे मान्य करावेत. वर्षाला तीनशे दिवस काम आणि पाचशे पाथरवट धरले तर माणशी दररोज पाऊणशे किलो, म्हणजे साधारण एक घनफूट खडक काढावा लागतो. दख्खनचा काळा पाषाण कठीण आहे खरा, पण लाव्हारस थंड होताना त्यात पडलेल्या नैसर्गिक भेगा ज्याला ओळखता येतात, त्याला पाचरी ठोकून मोठे तुकडे सुटे करता येतात, आणि टाकी-हातोड्याचे बारीक काम शेवटच्या पृष्ठभागापुरतेच उरते. वरून खाली कोरण्याच्या पद्धतीत परांची बांधावी लागत नाही, तोडलेला माल खाली ढकलता येतो, आणि डोंगराच्या उतारामुळे समोरची बाजू मोकळी मिळते.

ही पद्धत अचानक अवतरलेली नाही. सह्याद्रीच्या रांगांत भाजे, कार्ले, कान्हेरी, अजिंठा अशी लेणी कोरण्याची परंपरा कैलासाच्या वेळी जवळजवळ नऊशे वर्षांची झाली होती, आणि ती अवगत असलेल्या पाथरवटांच्या कित्येक पिढ्या या प्रदेशात होऊन गेल्या होत्या. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अर्धवट राहिले आहे. खडकात आधी चर खोदायचे, मधले पट्टे मग फोडायचे आणि खांब सर्वांत शेवटी घडवायचे, हा क्रम तिथे पाहता येतो. पूर्ण झालेल्या लेण्यात कारागीर आपल्या खुणा पुसतो. अर्धवट राहिलेल्या लेण्यात मात्र त्याचा विचार आजही वाचता येतो, आणि म्हणून अभ्यासकाच्या दृष्टीने अशा अपुऱ्या लेण्यांचे मोल अजोड आहे. कैलासाचा आराखडाही परका नाही. बदामीच्या चालुक्यांनी पट्टदकल येथे आठव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या विरूपाक्ष मंदिराशी त्याचे इतके साम्य आहे की ते डोळ्यांपुढे ठेवूनच हे काम झाले असे कलेतिहासकार मानतात, आणि त्या विरूपाक्षामागे पुन्हा कांचीचे पल्लवांचे कैलासनाथ मंदिर उभे आहे. चालुक्यांची सत्ता राष्ट्रकूटांनी घेतली, तिच्याबरोबर त्यांच्या शिल्पकारांची विद्याही आली. गवंड्याने दगडावर दगड रचून उभारलेले मंदिर डोंगरातून कोरून काढायचे, ही कल्पना एवढ्या मोठ्या प्रमाणावर मात्र अपूर्व होती, आणि तिचे श्रेय ज्यांना द्यायचे ते लोक इथलेच होते.

त्यांना स्वतःला काय वाटले होते, याचीही नोंद उपलब्ध आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क राजाचा बडोद्याचा ताम्रपट 812-13 सालचा आहे. त्यात कृष्णराजाने एलापुर येथे करवलेल्या देवालयाचे वर्णन येते, आणि हे देवालय म्हणजेच वेरूळचे कैलास होय असे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दाखवून दिले. ते देवालय पाहून विमानांतून जाणारे देव चकित झाले, हे कोणाचे बांधलेले नसून आपोआप उत्पन्न झालेले असले पाहिजे असे त्यांना वाटले, आणि ज्या शिल्पकाराने ते घडवले त्यालाही आपल्या हातून हे कसे घडले याचे आश्चर्य वाटले, असा त्या मजकुराचा आशय आहे. लेणे कोरले गेल्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत लिहिलेल्या या मजकुरात आकाशातून जाणारे देव आहेत. पण ते पाहणारे आहेत आणि घडवणारा माणूस आहे. आजच्या उपपत्तीने या दोघांच्या जागांची अदलाबदल केली आहे.

मराठी परंपरेनेही घडवणाऱ्याची आठवण जपली. कृष्ण याज्ञवल्की याच्या ‘कथाकल्पतरू’ या ग्रंथात अशी कथा येते की शिवालयाचा कळस पाहिल्याखेरीज अन्न घेणार नाही असा पण राणीने केला, इतक्या थोड्या काळात देऊळ कसे उभे राहणार या विचाराने सारे हतबल झाले, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने वरून कोरायला सुरुवात करून काही दिवसांत कळस दाखवला. ही कथा इतिहास म्हणून घेता येत नाही. तरी काम शिखराकडून पायथ्याकडे गेले ही तांत्रिक वस्तुस्थिती लोकांच्या स्मरणात नीट राहिली होती, आणि तिचे श्रेय त्यांनी गोदाकाठच्या एका कारागिराच्या बुद्धीला दिले होते, एवढे तिच्यावरून निश्चित म्हणता येते.

घडवणाऱ्यांकडून त्यांचे काम काढून घेण्याची ही प्रवृत्ती परग्रहवासीयांच्या कल्पनेआधीपासून चालत आली आहे, आणि तिचे परिणाम केवळ पुस्तकी नव्हते. आफ्रिकेतील ग्रेट झिंबाब्वे या दगडी नगरीचे अवशेष 1871 साली पाहून कार्ल माउख या जर्मन प्रवाशाने ते शेबाच्या राणीशी जोडले, कारण स्थानिक आफ्रिकी लोकांनी असे काही बांधले असेल हे त्याला पटले नाही. डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर यांनी 1905 साली आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी 1929 साली उत्खननाने सिद्ध केले की नगरी आफ्रिकी लोकांचीच आहे. ते शोना लोकांचे पूर्वज होते असे आज मानले जाते. तरीही तेव्हा ऱ्होडेशिया म्हणवणाऱ्या या देशातील गोऱ्या राजवटीला हा निष्कर्ष 1970 च्या दशकापर्यंत खुपत राहिला, आणि तो मांडणाऱ्या पुरातत्त्वज्ञांवर दबाव आणला गेला. प्राचीन अंतराळवीरांच्या पुस्तकांत युरोपातील स्टोनहेंजसारखी स्थळेही येतात हे मान्य करूनही, त्यांचा मुख्य भर इजिप्त, पेरू, मेक्सिको, माली आणि भारत यांवर राहिला आहे, आणि ग्रीसच्या मंदिरांविषयी किंवा मध्ययुगीन युरोपातील चर्चविषयी हा संशय क्वचितच घेतला जातो, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. बहुतेक समर्थकांच्या मनात तसा हेतू नसेलही. परिणाम मात्र तोच होतो: ज्यांच्या पूर्वजांनी टाकी चालवली, त्यांनाच आपला वारसा परक्याचा आहे असे सांगितले जाते.

मग परग्रहवासीयांच्या भेटीचा पुरावा असलाच तर तो कसा असेल? पृथ्वीवर न आढळणाऱ्या प्रमाणात समस्थानिके असलेला, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानांचे अणू निराळ्या प्रमाणात मिसळलेला, घडीव धातू हा एक पुरावा ठरू शकेल. एखाद्या उत्खननात हलवाहलव न झालेल्या थरात सापडलेली, त्या काळच्या कोणत्याही भट्टीत तयार होणे अशक्य असलेली वस्तू हा दुसरा. पृथ्वीवर ऊन, पाऊस, नद्या आणि भूकवचाच्या हालचाली जुन्या खुणा मिटवत असतात, म्हणून काही शास्त्रज्ञांची नजर चंद्राकडे वळली आहे. पॉल डेव्हिस आणि रॉबर्ट वॅग्नर यांनी असे सुचवले की अमेरिकेच्या चंद्रपरिक्रमा यानाने 2009 पासून घेतलेली तपशीलवार छायाचित्रे कृत्रिम वस्तूंच्या शोधासाठी पद्धतशीरपणे चाळून पाहावीत. त्या छायाचित्रांत अर्धा मीटर आकाराचे तपशील ओळखता येतात. 1969 ते 1972 या काळात उतरलेल्या अपोलो यानांचे तळ आणि अंतराळवीरांच्या पायवाटाही त्यांत दिसतात. हवा आणि पाणी नसलेल्या त्या पृष्ठभागावर अशा खुणा लक्षावधी वर्षे टिकू शकतात. आजवर तिथे माणसाने नेलेल्या वस्तूंखेरीज दुसरी कोणतीही घडीव वस्तू आढळलेली नाही. छायाचित्रे मात्र सर्वांसाठी खुली आहेत आणि त्यांचा फार मोठा भाग माणसाच्या डोळ्यांनी अजून बारकाईने पाहिलेला नाही.